अंग नाही

तराझ, ११ ऑगस्ट

सिम्बात,

तुझा निरोप मिळाला, व्हिडिओही मिळाला. मी लगेच फोन हातात घेतला होता, पण खाली तू लिहिलं होतंस, "वहिनी, फोन करू नका. तेव्हा लिहून दिलं होतंत, आताही लिहूनच द्या." म्हणून हा कागद. फोनवर तरी आपण काय बोलतो? अकताऊला वारा आहे का, असं मी विचारते, आणि आहे, असं तू सांगतेस. अकताऊला वारा नाही असा दिवस कधी उजाडलाय?

हे पाकीट तुझा दादा तुमच्याकडे मंगिस्ताऊला येणाऱ्या आगगाडीत देईल. तिसऱ्या डब्यातली कंडक्टरबाई त्याच्या चांगली ओळखीची झाली आहे. सोबत सुकवलेल्या खरबुजाच्या सहा वेण्या आहेत. दोन तिला द्याव्या लागतील, म्हणजे तुला चार मिळतील. दादाला मी दादाच लिहिते, कारण तू तेच म्हणतेस. जन्मदात्या बापाला पोरीनं दादा म्हणायचं आणि जन्मदात्या आईला वहिनी, यात आपल्याकडे कुणालाच काही वावगं वाटत नाही. पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या कुशीत घालायचं, मग त्याची आई म्हणजे आजी. तशा तुझ्या आई म्हणजे आपा, माझ्या सासूबाई. त्या होत्या तोवर ही नाती कुणी उलगडून बघितली नाहीत.

तुझ्या तोमिरिसचा व्हिडिओ मी आठ वेळा पाहिला. गालिचे झोडपायच्या दांडीला लोंबकळणारी, चड्डीच्या खिशात बिया भरलेली पोर मी पहिल्यांदाच पाहिली. पडली, बिया सांडल्या, हसली. परत चढली, परत पडली, परत हसली. फार गोड हसते. माझ्या तर ते हसणंच डोळ्यांसमोर राहिलं आहे.

तू लिहितेस, पंधरा सप्टेंबरला, रविवारी, तिथल्या शाळेत जिम्नॅस्टिक्सची निवड आहे, पोर जीव टाकते आहे, पण तू नेणार नाहीस. "माझी मुलगी म्हणजे लाकडाचं लाकूडच असणार. तुम्हीच तसं लिहून दिलं होतं. त्या टेबलापुढे मी तिला उभी करणार नाही. चुकत असेन तर सांगा."

चुकते आहेस. ने तिला. बिनधास्त ने.

मे महिन्यात आपांच्या वर्षाच्या जेवणाला तू आलीस आणि चहाची वाटी न उचलताच निघून गेलीस, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, की त्यांच्या पेटीत तुला तो कागद सापडला. म्हाताऱ्या माणसाला लिहिलेला कागद फेकवत नाही. पंचवीस वर्षं जपून ठेवला त्यांनी, वाचता येत नसताना. "अंग नाही", आणि खाली माझी सही.

ते कसं झालं ते सांगते. आम्हा जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्यांचा पहिला नियम, मुलाआधी आई बघायची. सहा वर्षांच्या पोरीचं हाड पुढे किती वाढणार, ते तिच्या अंगावर दिसत नाही, आईच्या अंगावर दिसतं. आई उंच आणि रुंद असेल, तर पोर कितीही वाकू दे, बाराव्या वर्षी ती दांडीवरून गळते. तुझ्या निवडीच्या दिवशी तुझ्या पाठीशी आपा उभ्या होत्या. गड्यासारखे खांदे, दारातून आत येताना मान वाकवावी लागायची. कागदावरही आईच्या जागी त्यांचंच नाव, कलामकास. सेहेचाळीस मुलं बघायची होती, मी बांधा बघितला आणि लिहून टाकलं. माणसाच्या हातून चुका होतात. आता एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

तोमिरिसला माझा पापा दे.

— राउशान वहिनी


तराझ, २० ऑगस्ट

सिम्बात,

तुझं उत्तर आलं. "वहिनी, माझी खरी आई कोण, हे त्या हॉलमध्ये एका माणसाला तरी पक्कं ठाऊक होतं. ते माणूस टेबलामागे बसलं होतं. उंची चार फूट अकरा. खरबूज चांगलं होतं."

मी ते तुझ्या दादाला वाचून दाखवलं. म्हटलं, पोरगी फार तिखट झाली आहे. तो नानचा तुकडा चहात बुडवत म्हणाला, "झाली आहे? पहिल्यापासूनच आहे. आणि मला सांग, कुणावर गेली?" मग त्याला काय वाटलं कोण जाणे, अंगणात जाऊन त्यानं धुतलेलीच गाडी परत धुवायला घेतली.

बरोबर पकडलंस. आईचा बांधा बघायचा तर मला आरशात बघायचं होतं. माझ्यासारखं हाड ज्या पोरीला मिळालं, तिच्यासाठी देशातला कुठलाही शिक्षक पायघड्या घालेल, हे मला माहीत होतं. तुझ्या कागदावर मी जे लिहिलं ते खोटं होतं. चूक नव्हती. मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

तसं का लिहिलं, ते आता सांगते.

तू झालीस तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. अल्माटीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष उरलं होतं. तुझे चाळीस दिवस भरले त्या दिवशी आपा पांढरा रुमाल बांधून आल्या, पाळण्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "पहिलं माझं. पुढची तुझी." मी मान हलवली. रडले, हे सगळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी अल्माटीच्या बसमध्ये बसल्यावर मला हलकं वाटलं, हे कुणी पाहिलं नाही. दूध येत होतं, कपडे भिजत होते आणि मला हलकं वाटत होतं. पुढे वर्षानुवर्षं बायका मला म्हणायच्या, "बिचारीची पोर सासूनं घेतली," आणि मी खाली बघायचे. घेतली नव्हती. मी दिली होती.

दिलेलं मूल परत मागायचं नसतं. तसं मागितलं तर म्हाताऱ्या माणसाच्या काळजाला हात घातल्यासारखं होतं. तुला मी माझ्या गटात घेतलं असतं तर आठवड्याचे सहा दिवस, रोजचे चार तास तू माझ्यापाशी असतीस. आपांकडे फक्त झोपायला गेली असतीस. घरात काय झालं असतं? गल्लीत लोक काय बोलले असते? मी दिलेला शब्द पाळला. तुझं नुकसान झालं, कबूल. पण आपांचं मन राहिलं.

त्या आता नाहीत म्हणून त्यांच्यावर ढकलते आहे, असं मात्र समजू नकोस.

तोमिरिसला रविवारी ने. तिच्याबाबतीत असला काही गुंता नाही.

— राउशान


तराझ, २८ ऑगस्ट

सिम्बात,

सहा दिवस तुझ्याकडून काही नाही. हे पत्र उत्तर यायची वाट न बघता लिहिते आहे, कारण काल रीता पाक येऊन माझी चांगली हजामत करून गेली.

रीता तुला आठवत असेल. त्या निवडीच्या दिवशी टेबलावर माझ्या शेजारी घड्याळ घेऊन बसली होती ती. कोरियन, बारीक, अजून तशीच आहे. काल तिखट गाजराचा डबा घेऊन आली. बोलता बोलता मी तिला सांगितलं, की सिम्बातला सगळं खरं लिहून टाकलं, मोकळी झाले. तिनं विचारलं, "सगळं म्हणजे काय?" मी सांगितलं. आपांना दिलेला शब्द, आपांचं मन.

रीतानं काटा खाली ठेवला. "आपांचं मन? अगं, पोरीला घेऊन कोण आलं होतं?"

"आपा."

"कुणी सांगितलं होतं आणायला?"

"कुणी नाही."

"मग? त्या टेबलापाशी वाकून तुझ्या कानात काय म्हणाल्या, ते मी ऐकलं होतं. माझे कान लहान आहेत, बहिरे नाहीत. मेलेल्या बाईच्या पदराआड लपतेस? ती जिवंत असताना पोर घेतल्याचा बोल सोसून तुला लपवत होती, ते पुरलं नाही का?"

मी म्हटलं, "रीता, गाजरात मीठ जास्त झालंय."

"होऊ दे," ती म्हणाली. "पत्र लिहिते आहेस की रजेचा अर्ज? कारणं कसली देतेस?" आणि डबा तिथेच ठेवून निघून गेली.

तर हे ऐक. आपा त्या दिवशी कानात म्हणाल्या होत्या, "राउशान, ही दिवसभर उलटी असते. भिंतीवर पाय, गादीवर डोकं. माझ्याच्यानं होत नाही आता. तुझ्याकडे ठेव हिला. तुझीच आहे." तुझीच आहे, असं म्हणाल्या. त्यांनी शब्द मोडून तुला माझ्या हातात दिलं होतं, तेही मी न मागता. सासूनं सुनेसाठी याहून मोठं काय करायचं असतं? आणि मागच्या पत्रात मी सगळा दोष गुपचूप त्यांच्या कबरीवर ठेवून आले. मला स्वतःची किळस आली आहे.

आता तो दिवस सांगते. मधे थांबले तर परत लिहिणार नाही.

हॉलला त्या वर्षी ऊब नव्हती. सप्टेंबर असूनही मुलं बनियन-चड्डीत कुडकुडत होती. बाकांवर आया, मावश्या, आज्या, कोटात. आम्ही एकेकाला बोलावत होतो. कमान टाक, पाय फाकव, खांदे मागे ने. तू आलीस. कमान टाकलीस ती अशी, की रीतानं माझ्या पायावर पाय दिला. खांदे कानांच्या मागे गेले, कुणी ओढले नाहीत. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, नजर कागदावर आणि तुझ्या अंगावर. सहा वर्षं मी तुला सणाला, बारशाला, लग्नाकार्यात बघत आले होते, आपांच्या मांडीवर. इतक्या जवळून तुझं अंग कधी पाहिलं नव्हतं. ते माझं अंग होतं. गुडघ्याची वाटी, पावलाची कमान, सगळं माझं.

शेवटी दांडी. जितका वेळ जमेल तितका वेळ लटकायचं. बाकीची मुलं वीस सेकंदांत, तीस सेकंदांत गळाली. तू लटकलीसच. एक मिनिट झालं. आया बोलायच्या थांबल्या. तुझा चेहरा लाल झाला, पण हात सुटेनात. उतरायचं कधी, ते तुला कुणी सांगितलंच नव्हतं ना. मग तू माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "वहिनी, उतरू का?"

बाकावर कुणीतरी हसलं. शिक्षिकेला पोर वहिनी म्हणते, एवढंच त्यांना गमतीचं वाटलं असेल. मी "उतर" म्हटलं, उठले आणि टेबलापुढे आले. तू उडी मारलीस आणि धावत सुटलीस, थेट माझ्या दिशेनं. मी हात पसरले. सगळ्यांसमोर, सिम्बात, मी खाली वाकून दोन्ही हात पसरले. आणि तू माझ्या डाव्या हाताखालून वाकून पुढे निघून गेलीस. माझ्यामागे आपा उभ्या होत्या. "आपा, बघितलंस? बघितलंस का मला?"

कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "अहो बाई, ती तिच्या आईकडे चालली आहे." चांगल्या मनानं म्हणाली. मी वाटेत उभी होते, म्हणून म्हणाली.

मी हात खाली घेतले, खुर्चीत बसले आणि लिहिलं, "अंग नाही."

एवढंच कारण आहे. शब्द नाही, बांधा नाही, गल्ली नाही. तू मला ओलांडून गेलीस म्हणून. मी सत्तावीस वर्षांची होते, तू सहा. मी तुझा सूड घेतला. तुला मीच टाकून गेले होते आणि तू मला आई समजली नाहीस म्हणून तुला शिक्षा केली. आणि लिहून भागलं नाही. आपांनी विचारलं, "काहीच नाही का गं हिच्यात?" तेव्हा तू त्यांचा हात धरून उभी होतीस, तरी मी तोंडानं म्हणाले, "लाकूड आहे नुसतं." तू त्यांच्या बाहीला तोंड पुसलंस. आपांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि म्हणाल्या, "शिकलेल्या माणसाला कळतं." त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

संध्याकाळी रीतानं विचारलं होतं, "चुकून लिहिलंस?" मी म्हटलं, "सासूबाईंशी वाद नको." बघ, हे कारण माझ्याकडे तेव्हापासून तयार होतं.

त्यानंतर दोन महिने तू रोज आमच्या खिडकीपाशी यायचीस. बाहेरून विटांवर चढून बघायचीस. मला तुझ्या टोपीचा गोंडा दिसायचा. मी एकदाही दार उघडलं नाही. मग बर्फ पडलं आणि तू यायची थांबलीस. पुढे शाळेच्या कवायतीत तू पोटदुखी सांगायचीस, ते आपा मला हसत सांगायच्या. तुझ्या लग्नात सगळ्या मुली तुला नाचायला ओढत होत्या आणि तू म्हणालीस, "मी लाकूड आहे गं, मला नका ओढू." मी तीन पावलांवर मांस वाढत उभी होते. माझ्या हातातलं ताट हललंसुद्धा नाही.

हे असं आहे. मला लाज वाटते म्हणून लिहिलं, तर तो शब्द फार लहान पडतो, पण दुसरा माझ्याकडे नाही.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

— राउशान


तराझ, ४ सप्टेंबर

सिम्बात,

तुझे दोन निरोप आले. दोन दिवसांच्या अंतरानं.

पहिला: "मी किती वेळ लटकले होते?" मला आठवत नव्हतं. खोटा आकडा सांगायची आता हिंमत नाही, म्हणून रीताला फोन लावला. ती क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, "एक मिनिट बावन्न. आणि ती उतरली ती तू उतर म्हणालीस म्हणून. तिला लिही, त्या वर्षी जी पोर आपण पहिली निवडली ती अठ्ठेचाळीस सेकंदांची होती." मी लिहिलं.

दुसरा निरोप मी पायरीवर बसून वाचला. "वहिनी, पहिल्या पत्रात तुम्ही तोमिरिसच्या हसण्याबद्दल लिहिलंत. खांद्यांबद्दल एक अक्षर नाही. मी लाकूड असेन, पण मला वाचता येतं. रविवारी नेऊ का नको? या वेळी खरं."

तुझा दादा बाहेर आला, त्यानं तो निरोप माझ्या खांद्यावरून वाचला. म्हणाला, "हो म्हणून टाक ना. पोर खूश, आई खूश. एवढं सगळं झाल्यावर आता नाही म्हणणार आहेस का तू?" तो वाईट माणूस नाही. मलाही अकरा ऑगस्टला असंच वाटलं होतं. एकदा कडू खोटं लिहिलं होतं, आता एक गोड खोटं लिहिलं की फिटंफाट होईल, असा माझा हिशेब होता. ते त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग मला विचारू नकोस बाई. तुम्ही दोघी एकाच मातीच्या," आणि आत गेला.

तर खरं असं आहे. तोमिरिसमध्ये नाही.

व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हाच मला दिसलं होतं. उरलेल्या सात वेळा मी दुसरं काही सापडतं का ते शोधत होते. तिचे खांदे कानांपर्यंत येऊन अडतात. लटकताना कोपरं वाकतात, कारण खांद्याला मोकळीक नाही. पावलं सपाट आहेत. हाड तुझ्या सासरचं, रुंद, छान, पोहायला चालेल, कुस्तीलाही चालेल. टेबलामागची बाई पाच मिनिटांत तिचं नाव खोडेल, आणि ती बाई खोटारडी नसेल. तुझ्यात होतं ते हिच्यात उतरलेलं नाही. तीस वर्षं मी मुलांची अंगं बघते आहे. इतकी साफ गोष्ट क्वचितच दिसते.

हे लिहिताना मला भीती वाटते, की तू म्हणशील, बाईनं परत तेच केलं. आधी लेकीला नाही म्हणाली, आता नातीला. म्हण. खोटं सांगून मी त्या शिव्याही चुकवू शकले असते.

पण आणखी एक आहे, ते मला या आठवड्यात कळलं. या वयात कळलं, याची निराळी लाज.

दर सप्टेंबरला माझ्यापुढे चाळीस-पन्नास मुलं यायची. मी सहा-सात ठेवायचे. उरलेली कोट घालून निघून जायची आणि माझ्यासाठी ती संपायची. बाजारात टोमॅटो विकणारी एक बाई आहे, दोन वर्षांपूर्वी मला म्हणाली, "बाई, ओळखलंत का? तुम्ही मला नाही म्हणाला होतात." हसत म्हणाली, आणि पिशवीत एक टोमॅटो जास्तीचा टाकला. मी घरी येऊन तिचं नाव आठवायचा प्रयत्न केला. आठवणार कुठून, मी ते कधी ऐकलंच नव्हतं. ज्या मुलात अंग नाही, त्याला आयुष्यात एकदाही मी साधी कोलांटी शिकवलेली नाही. कशी शिकवतात, ते मला येत नाही. जमणाऱ्याला शिकवणं म्हणजे नुसतं बाजूला उभं राहणं असतं, हे आम्ही कुणाला सांगत नाही.

तोमिरिस पडली की हसते. तीस वर्षांत माझ्या गटातलं एक मूल पडल्यावर हसलेलं मी पाहिलेलं नाही. मी हसू दिलं नसतं.

म्हणून माझं ऐकायचं असेल तर रविवारी नेऊ नकोस. प्रत्येक शाळेत एक गट असतो, निवडीशिवायचा, कुणीही यावं असा. आम्ही टेबलामागची माणसं त्याला हसायचो. तिथे पदक नाही, यादी नाही, कुणी काही लिहीत नाही. सोमवारी तिथे ने. नुसतं लोंबकळू दे, पडू दे. खिशातल्या बिया आधी काढून घे, घशात जातील.

ती तुला विचारेल, लहान मुलं विचारतातच, "मला येतं का गं?" तिला खोटं सांगू नकोस, कितीही पोटात तुटलं तरी. "अजून नाही येत, परत कर," एवढंच म्हण. आणि ती धावत आली की कुणाकडे चालली आहे ते बघत बसू नकोस. वाटेतून बाजूला हो, जाऊ दे तिला जिथे जायचं तिथे.

तुला हे काहीच सांगायची गरज नव्हती. तुला येत होतं, सिम्बात. पहिल्याच दिवशी, त्या थंड हॉलमध्ये, कुणी न शिकवता, तुला सगळं येत होतं.

— राउशान